झटका कोणता, ते आधी ओळखा

थंडी पडली की कॉलेजात एक नवाच खेळ सुरू होतो. लॅबमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठायचं, दाराच्या कडीला हात लावायचा आणि ‘आई गं!’ म्हणत तो झटकायचा. मैत्रिणीला टाळी द्यायला जावं तर तिथेही टक्! मग मागून कुणीतरी ‘काय करंट आहे यार!’ हा दरवर्षीचा जोक मारणारच. मुंबईत वाढलेल्यांना ही मजा पुण्याला, नाशिकला किंवा नागपूरला शिकायला गेल्यावरच कळते. समुद्राकाठच्या दमट हवेत असे झटके फारसे बसत नाहीत.

शाळेत केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलले होते, आठवतंय? तेच हे. फक्त आता कंगवा तुम्ही आहात. दोन वस्तू एकमेकींना चिकटून सुटल्या की एकीकडचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीकडे जातात. तुमची पॉलिस्टरची ट्रॅकपँट खुर्चीपासून सुटली की हिशोब बिघडतो आणि तुम्ही चार्ज होऊन उठता. एरवी हवेतल्या ओलाव्याचा पातळ थर सगळ्या वस्तूंवर असतो, त्यातून हा चार्ज गुपचूप निघून जातो. हवेतली आर्द्रता साधारण 40 टक्क्यांच्या खाली गेली की ती वाट बंद होते. त्यात पायात जाड रबरी सोलचे शूज, म्हणजे जमिनीत जायचीही सोय नाही. घरी फरशीवर अनवाणी फिरताना झटके कमी का बसतात, ते यावरून कळेल.

आकडा ऐकून मात्र दचकू नका. झटका जाणवला म्हणजे अंगावर साधारण 3,000 व्होल्ट तरी होते. कोरड्या हवेत 10,000 व्होल्टही सहज होतात. घरातल्या सॉकेटमध्ये असतात 230! तरी तुम्हाला काही होत नाही, कारण चार्ज अगदी चिमूटभर असतो आणि क्षणात संपतो.

तो टाळायचा कसा? सगळ्यात सोपं म्हणजे उठतानाच खुर्चीच्या लोखंडी पायाला हात लावून ठेवायचा. कारमधून उतरताना दाराची धातूची कड धरूनच पाय खाली ठेवायचा. चार्ज साचायच्या आतच निघून जातो, ठिणगी पडत नाही. आधीच चार्ज झाला असाल तर कडीला बोटाच्या टोकाने ‘बघू तरी’ म्हणत शिवू नका, तिथेच संवेदना सगळ्यात तीव्र असते. हातात किल्ली घट्ट धरून तिचं टोक लावा. ठिणगी किल्लीवर पडेल, बोट वाचेल. फ्लीसचं जॅकेट आणि ॲक्रिलिकचा स्वेटर हे या नाटकातले व्हिलन. आत सुती टी-शर्ट असला की फरक पडतो. कोरड्या हातांना मॉइश्चरायझर लावला तर तोही मदत करतो.

इथवर सगळी गंमत. पण दोन ठिकाणी हीच ठिणगी महागात पडू शकते.

एक, स्वतः पीसी जोडताना. रॅम किंवा मदरबोर्डवरची चिप काहीशे व्होल्टनेही बिघडू शकते आणि एवढा झटका आपल्याला कळतसुद्धा नाही. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवलं नाही, पण रॅम गेली! त्यामुळे ब्लँकेटवर बसून हे काम नको. प्लग काढून ठेवा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला मधूनमधून हात लावा आणि पार्ट लागेपर्यंत त्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीतच राहू दे.

दुसरं ठिकाण पेट्रोल पंप. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर पेटायला साधारण पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. जेमतेम जाणवणाऱ्या ठिणगीतही त्याहून जास्त ऊर्जा असू शकते. रांगेत मोबाइल बघणाऱ्यावर सगळे ओरडतात (आणि बोर्ड लावलाय, तर फोन खिशातच ठेवा), पण टाकीपाशी उभं राहून जॅकेट काढणाऱ्याला कुणीच काही म्हणत नाही. बाइकवरून उतरलात की झाकण उघडण्याआधी टाकीपासून लांबच्या एखाद्या धातूच्या भागाला हात लावायची सवय करा. एमएससाठी अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच. तिथे बहुतेक ठिकाणी पेट्रोल आपलं आपण भरायचं असतं. थंडीत लोक नळी लावून पुन्हा गाडीत जाऊन बसतात आणि उतरून थेट नळीला हात लावतात. अशा आगी तिथे लागलेल्या आहेत.

आता या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट. ‘अरे, स्टॅटिक असेल!’ हे वाक्य हॉस्टेलवर फार सहज बोललं जातं. स्टॅटिकचा झटका एकदा बसतो, टक् करून संपतो आणि लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही. पण गिझरच्या नळाला, फ्रिजच्या दाराला किंवा कुलरच्या पत्र्याला मुंग्या येत राहत असतील आणि बटण बंद केल्यावर थांबत असतील, तर तो स्टॅटिक नाही. ती गळती आहे. पुन्हा हात लावून खात्री करत बसू नका.

गंमत बघा, दोन्हींचे उपाय अगदी उलटे आहेत. स्टॅटिकसाठी धातू धरा, अनवाणी चाला, हवा ओली ठेवा. गळती असेल तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून धातू धरणं हाच जीव जाण्याचा रस्ता. विदर्भात उन्हाळ्यात लोखंडी कुलरचा करंट लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या अशाच. ताट्या भिजलेल्या, खाली पाणी सांडलेलं आणि तीन पिनच्या प्लगमागे अर्थिंगचा पत्ताच नाही.

म्हणून कुलरमध्ये पाणी भरायच्या आधी नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं असेल, तर ते बंद असूनही आत करंट असतो. भाड्याची खोली घेताना वायफायचा पासवर्ड विचारता, तसंच अर्थिंग आहे का आणि मेन स्विचपाशी 30 मिलिॲम्पियरला ट्रिप होणारा आरसीसीबी लावलाय का, हेही विचारा. त्या आरसीसीबीवर ‘टेस्ट’ असं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.