बर्डी नागपुरात आहे, हे यंत्राला ठाऊक नसते

नागपूरकर सीताबर्डीला नुसते ‘बर्डी’ म्हणतो, आणि ती कोणत्या गावी असे त्याला कुणी विचारले, तर त्याला विचारणाऱ्याच्या अकलेविषयीच शंका येईल. परंतु संगणकाच्या दफ्तरातून माहिती कोणत्या वाटेने काढावी याची तजवीज करणारा जो ‘क्वेरी प्लॅनर’, त्याला ही साधी गोष्ट ठाऊक नसते.

समजा, एखाद्या मोठ्या पेढीच्या दफ्तरी दहा लाख गिऱ्हाइके आहेत. त्यांतला दहावा हिस्सा नागपूरचा आणि शंभरावा हिस्सा सीताबर्डीचा. ‘शहर नागपूर, वस्ती सीताबर्डी’ अशा गिऱ्हाइकांची बिले मागितली, की प्लॅनर दहाव्याचा शंभरावा काढून १,००० माणसे मिळतील असे धरतो, कारण शहर आणि वस्ती या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तो मानीतच नाही. बर्डीचा प्रत्येक जण नागपूरचाच असल्यामुळे प्रत्यक्षात निघतात १०,०००. थोडक्यांसाठी निवडलेली सूचीची (‘इंडेक्स’ची) वाट मग अंगाशी येते: कारकुनाने एकेका नावासाठी फेरिस्त पाहावी, रुमाल सोडावा, कागद काढून पुन्हा बांधावा, आणि हे दहा हजार वेळा करावे, तसे ते होते. त्यापेक्षा सबंध बिलवही एकदा वाचून काढणे कितीतरी स्वस्त पडले असते.

ही खोड जुनीच आहे. १९७९ साली आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्चाच्या अंदाजावरून वाट निवडण्याची जी रीत मांडली, तिच्यातही हा गुणाकार होता, आणि स्तंभ परस्परांपासून स्वतंत्र मानले आहेत हे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले होते.

म्हणून सूचीला दोष देऊन ती पाडून टाकण्यापूर्वी, माझ्या मते, अंदाजाची झडती घ्यावी. ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसमध्ये ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ हा हुकूम अपेक्षित आणि प्रत्यक्ष ओळींचे आकडे शेजारी शेजारी दाखवतो. जिथे त्यांत प्रथम दहापट तफावत दिसेल, तिथे दुखणे. प्लॅनर ज्या आकडेवारीवरून अंदाज बांधतो ती शिळी असेल तर नुसत्या ‘अ‍ॅनालाइझ’ने भागते, परंतु बर्डीच्या प्रकरणी ती कितीही ताजी केली तरी उपयोग नाही, कारण ती प्रत्येक स्तंभाची वेगवेगळी असते. त्यासाठी २०१७च्या दहाव्या आवृत्तीपासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ची सोय आहे: शहर आणि वस्ती या जोडीची अवलंबिता तिथे नोंदवता येते. मात्र हा हुकूम दिल्यावर ‘अ‍ॅनालाइझ’ पुन्हा चालवायला विसरू नये. ते चालेपर्यंत ती नोंद कोरीच असते.