पडद्यावरील संहिता : मोबाईलवरील मराठी आणि मदत मागण्याची रीत

संहितेचा अभ्यास करणाऱ्याला नकलकाराच्या चुका नव्या नाहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच चुकांनी पाठ बिघडला होता म्हणून. आज नकलकाराची जागा यंत्राने घेतली आहे. त्याच्या चुकांना मात्र आपण ‘सेटिंगचा घोळ’ म्हणतो आणि त्यांचे निवारण मोबाईलच्या दुकानदारावर सोपवितो. प्रस्तुत लेखात, या घोळांपैकी कोणते केवळ दिसण्याचे आहेत आणि कोणते पाठभेदाचे, हे कसे ओळखावे व त्याविषयी मदत कशी मागावी, याचा विचार करावयाचा आहे.

जव्हार-मोखाडा भागातील साखरशेतसारख्या गावातून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याचा संगणक म्हणजे बहुधा त्याच्या खिशातील फोनच होय. लोकगीते ऐकून उतरवून घेणे, संदर्भ वाचणे, प्रकरण लिहून मार्गदर्शकांकडे पाठविणे, हे सारे त्याच चार बोटे रुंदीच्या पडद्यावर चालते. समजा, त्याने एका गीतात ‘दऱ्या’ हा शब्द उतरविला आणि मार्गदर्शकांच्या संगणकावर तो ‘दर्या’ असा उमटला. गीत डोंगरातून थेट समुद्रावर गेले! पालघर जिल्ह्याला किनाराही असल्यामुळे हा पाठ कोणाला संशयास्पद वाटण्याचे कारण नाही. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ या जोडीत स्वयंपाकी आणि गुरू यांचीही अशीच अदलाबदल होते.

असे का घडते? युनिकोडमध्ये रफार अथवा हा आडवा अर्धा र यांना स्वतंत्र संकेतांक नाहीत. अक्षरांच्या क्रमावरून ते सिद्ध होतात. ‘र’, हलन्त आणि ‘य’ असा क्रम असल्यास रफार येतो. आडवा र दोन मार्गांनी मिळतो. एका मार्गात साध्या ‘र’ऐवजी खाली बिंदू असलेला ‘ऱ’ योजतात. दुसऱ्यात ‘र’ व हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात, परंतु शोध घेताना एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने सापडेलच असे नाही. शिवाय मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना ते अदृश्य चिन्ह गळाले की उरतो तो ‘दर्या’. ही चूक फोनची कोणतीही सेटिंग बदलून दुरुस्त होत नाही, कारण ती संहितेतच शिरलेली असते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : साठविलेला मजकूर बिघडला आहे, की केवळ त्याचे दर्शन? तोच मजकूर दुसऱ्या फोनवर वा दुसऱ्या प्रणालीत चिकटवून पाहावा. तेथे तो नीट दिसला तर दोष पहिल्या यंत्राच्या टंकाचा, म्हणजे फॉन्टचा, अथवा अक्षरे जुळविणाऱ्या प्रणालीचा. दुसरी कसोटी खोडण्याच्या कळीची. पुष्कळ ठिकाणी ती संपूर्ण जोडाक्षर न पुसता एकेक संकेतांक पुसते. त्यामुळे जोडाक्षर आत कशाचे बनले आहे ते उलगडते. एखादा दाब फुकट गेल्यासारखा वाटला तर तेथे अदृश्य चिन्ह होते, असे बहुधा समजावे.

लक्षणेही बोलकी असतात. रिकामा चौकोन दिसला तर फॉन्टात ते अक्षर नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले, तेव्हा त्यापूर्वीच्या फॉन्टात त्याच्या जागी चौकोन दिसणे स्वाभाविक आहे. ठिपक्यांचे वर्तुळ उमटले तर स्वरचिन्हाला आधारासाठी योग्य अक्षर मिळालेले नाही. रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसली तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टातील आहे. तो मूळ फॉन्ट तरी मिळवावा, नाही तर रूपांतर करून ओळीओळीने ताडून पाहावे. ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे दिसतात तो मात्र पाठदोष नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरविली. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे प्रणालीला कळविले की मराठी वळण येते. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखाटला; त्यांना केवळ कवी म्हणून शिकविणाऱ्या आपल्या विभागांनी हेही सांगावयास हरकत नाही.

लहान पडद्याच्या तक्रारी त्या मानाने सौम्य आहेत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे ओळीला उंची अधिक लागते. ती न मिळाल्यास ‘रूढी’चा ‘रुढी’ झाला की काय, हे कळेनासे होते. फॉन्टचा आकार आणि एकंदर पडद्याचा आकार या दोन निरनिराळ्या सेटिंग्ज असतात. पहिली वाढविल्यावर अक्षरे कापली जात असतील तर ती किंचित उतरवून दुसरी वाढवून पाहावी. छापील पानाची पीडीएफ मात्र यांपैकी कशालाही दाद देत नाही. फोन आडवा धरणे हाच तिच्यावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय.

मदत मागताना ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच लिहून पाठविल्यास उत्तर देणारा काय करणार? फोनचे नाव, प्रणालीची आवृत्ती, कोणत्या ॲपमध्ये दोष दिसला, कोणत्या कळफलकाने टंकलेखन केले आणि कोणता शब्द अपेक्षित होता, हे कळवावे. पडद्याचे छायाचित्र पाठवावेच, परंतु त्यासोबत तोच शब्द मजकूर म्हणूनही द्यावा. छायाचित्रात दर्शन असते, संकेतांक नसतात. मेनूतील नावे मराठीत असतील तर ती जशीच्या तशी उतरवावीत, कारण सांगणारा इंग्रजी नावे सांगतो आणि ऐकणारा मराठी यादीत ती शोधत बसतो. वर्गात हा गोंधळ मी वारंवार पाहिला आहे.

प्रबंध सादर करताना फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ आणि मूळ मजकुराची प्रत अशा दोन्ही द्याव्यात. देण्यापूर्वी दोहोंत ‘ऱ्य’ असलेला एखादा शब्द शोधून पाहावा, आणि तो न सापडल्यास तोच शब्द रफारानेही शोधावा.