खोके कंपनीचे, आरास तुमची

नवरात्र जवळ आले की बंगळूरच्या घरोघरी ‘गोंबे हब्ब’ म्हणजे बाहुल्यांच्या सणाची लगबग सुरू होते. विषम संख्येच्या पायऱ्या रचायच्या, त्यांवर ‘पट्टद गोंबे’ ही राजा-राणीची लाकडी जोडी आणि इतर बाहुल्या मांडायच्या. पायऱ्यांसाठी आता कुरिअरची पुठ्ठ्याची खोकी हाताशी असतात. पण कंपनीचे नाव छापलेले खोके असे वापरलेले चालते का?

खुशाल वापरा. खरेदीबरोबर आलेले खोके तुमचेच. फुकट मिळालेल्या खोक्याची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेचे टपालखाते ‘प्रायॉरिटी मेल’साठी खोकी फुकट देते, ती खात्याचीच मालमत्ता, इतर कामाला वापरण्यास मनाई! तिकडच्या लेकीसुनांनी हे ध्यानात ठेवावे.

खोक्यापासून केलेली वस्तू विकणार असाल, तर छाप रंगीत कागदाने झाका. त्यामुळे गिऱ्हाईकाचा गैरसमज झाल्यास १९९९चा व्यापारचिन्ह कायदा आड येऊ शकतो.

नाव-पत्त्याची चिठ्ठी आधी फाडून टाका. जड बाहुल्यांखालच्या खोक्यात रद्दी ठासून भरा. सण संपल्यावर पुठ्ठा भिजू न देता सुक्या कचऱ्यात द्या.