परतीच्या प्रकाशाची बेरीज

केबल टीव्हीचं जाळं जन्मतःच एकतर्फी. 1948 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात उंचावर अँटेना उभारून खालच्या गावांत तारेनं चित्रं पोचवायला सुरुवात झाली, तेव्हा घराकडून परत काही यायचंच नव्हतं. मी मूळचा मिरजेचा. आता त्याच पेनसिल्व्हेनियात केबल नेटवर्कच्या देखभालीचं काम करतो. हल्ली व्हिडिओ कॉलबद्दल तक्रार येते ती अशी: "मला सगळे नीट दिसतात, पण माझाच आवाज तुटतो." म्हणजे येणारी वाट ठीक, परतीची बिघडलेली.

अमेरिकेतल्या केबलवर परतीच्या वाटेला पूर्वापार 5 ते 42 मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी मिळत आली. बाकी सगळं येणाऱ्या चॅनलना. पुढे काही ठिकाणी तांब्याची तार काढून थेट घरापर्यंत फायबर नेलं, मोडेम मात्र जुनेच ठेवले. या पद्धतीचं, आरएफओजीचं, मानक 2010 मध्ये आलं. घराच्या भिंतीवर एक छोटा डबा बसतो. मोडेम बोलू लागला की त्यातला लेझर पेटतो, थांबला की विझतो. डोळ्यांना न दिसणारा, 1610 नॅनोमीटरच्या आसपासचा तो प्रकाश. अशा 32 घरांचे धागे स्प्लिटरमध्ये एकत्र येतात आणि एकाच फायबरनं हेडएंडच्या, म्हणजे केबल कंपनीच्या केंद्रातल्या, फोटोडायोडवर पोचतात; तो प्रकाशाची वीज करतो.

खरी अडचण इथेच आहे. दोन घरांचे लेझर एकाच वेळी पेटले आणि त्यांच्या तरंगलांबी अगदी जवळ असल्या, तर फोटोडायोडमध्ये दोघांच्या वारंवारतेतला फरकही विजेच्या रूपात उमटतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की सुरात हेलकावे ऐकू येतात, तसेच हे प्रकाशाचे हेलकावे. तिथे त्यांच्या आधारानं तार लावता येते. इथे ते थेट परतीच्या पट्टीत पडले की सगळ्यांचं बोलणं बुडतं. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर मी हे अनेकदा पाहिलं आहे. तळाची सपाट रेघ एकदम उसळते, सगळे सिग्नल तिच्याखाली जातात, आणि कनेक्टरला हात लावेपर्यंत ती खाली बसलेलीही असते.

पकडणं अवघड जातं, कारण बिघडलेलं काहीच नसतं. या जातीच्या लेझरची तरंगलांबी तापमान एक अंशानं वाढलं की सुमारे 0.1 नॅनोमीटरनं सरकते, आणि या पट्ट्यात एक नॅनोमीटर म्हणजे सुमारे 116 गिगाहर्ट्झ! भिंतीवर ऊन आलं, उतरलं, की डब्यांतल्या लेझरच्या तरंगलांबी एकमेकींना ओलांडत राहतात. मोडेम बदलून, जोड पुन्हा करून उपयोग होत नाही. पूर्वी मोडेम बहुतांशी पाळीपाळीनं बोलत, त्यामुळे हे निभावून जायचं. डॉक्सिस या केबल मोडेमच्या मानकाच्या 3.0 आवृत्तीत अनेक चॅनल एकदम चालू झाले आणि 3.1 मध्ये तर एकाच वेळी अनेक घरांनी बोलणं हीच रीत ठरली.

उपाय विचारानं साधा आहे: प्रकाशाची बेरीज करायचीच नाही. स्प्लिटरच्या जागी असं यंत्र बसवायचं, ज्यात प्रत्येक घराच्या धाग्याला स्वतःचा फोटोडायोड असतो. प्रत्येकाचा प्रकाश वेगळा ओळखून विजेत बदलायचा, मग ते विजेचे सिग्नल एकत्र करायचे आणि एकाच नव्या लेझरनं पुढे धाडायचे. दोन लेझर एका फोटोडायोडवर पडतच नाहीत, म्हणून हेलकावेही नाहीत. शिवाय 32 वाटांच्या स्प्लिटरमध्ये उलट येतानाही प्रकाशाचा जेमतेम बत्तिसावा भाग पुढे जातो. इथे तो तोटाही वाचतो. मात्र 32 फोटोडायोड म्हणजे 32 ठिकाणची खरखरही एकत्र होणार. म्हणून काही रचनांत ज्या धाग्यावर प्रकाश जाणवला तेवढीच वाट उघडतात, बाकीच्या बंद ठेवतात. मला या सगळ्यातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

खर्च आहेच. स्प्लिटरला वीज लागत नाही, या यंत्राला लागते. रस्त्याकडेच्या पेटीत वीज नेणं, ती राखणं, सगळं आलं. तरीही माझं मत ठाम आहे. जिथे आरएफओजीवर 3.1 चे मोडेम द्यायचे आहेत, तिथे हा खर्च टाळू नये. आणि तुम्ही ग्राहक असाल, तर नवी जोडणी घेताना डाउनलोडच्या मोठ्या आकड्यावर थांबू नका. संध्याकाळी, सगळी घरं जागी असताना, अपलोडचा वेग किती मिळतो ते विचारा.