प्रचक्राचे हलकेपण : निवडीचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

हाताने गियर बदलावयाच्या मोटारीत मूळचे फ्लायव्हील काढून हलके बसवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधील कारागिराचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे याचे कारण असे की, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका विशेषणाच्या बळावर दिले जाते. ते विशेषण म्हणजे ‘हलके’. मराठीत हा शब्द दोन परस्परविरुद्ध दिशांनी चालतो. हलका माल म्हणजे कमी प्रतीचा माल, हलक्या कानाचा माणूस म्हणजे ऐकीव गोष्टींवर चटकन विश्वास ठेवणारा. उलट हलक्या हाताने केलेले काम कौशल्याचे मानले जाते आणि मन हलके झाले म्हणजे मनुष्य मोकळा होतो. विक्रेता दुसरी छटा पुढे करतो, जुना कारागीर पहिली. वस्तूचा गुणदोष मात्र या दोहोंपैकी कोणत्याच छटेत सापडत नाही. तो कोठे सापडतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नाव आणि कार्य

फ्लायव्हीलला शास्त्रीय मराठीत ‘प्रचक्र’ म्हणतात, हिंदीत ‘गतिपालक चक्र’ असा शब्द आहे. पहिले नाव आटोपशीर आहे, पण ते वस्तूच्या कार्याविषयी काही सांगत नाही. दुसरे नाव लांब असले तरी कार्याचा बोध करून देते. चार सिलिंडरांच्या, चार आघातांच्या इंजिनात भुजादंडाच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एकदा स्फोट होतो. मिनिटाला ८०० फेरे या मंद गतीत सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात. दोन स्फोटांमधल्या काळात इंधनमिश्रण दाबण्याचे काम इंजिनाला करावे लागते व ते साठवलेल्या गतीतूनच होते. ही गती साठवून ठेवणारे आणि धक्के समतल करणारे चाक म्हणजे प्रचक्र. क्लचची तबकडी याच चाकाच्या पृष्ठावर घासते आणि स्टार्टरचे दाते त्याच्या कडेवरील दातेरी कड्यात अडकतात. म्हणजे एकाच वस्तूकडे तीन कामे आहेत. ती हलकी करताना तिन्हींचा विचार करणे क्रमप्राप्त आहे.

३. कुंभाराचे चाक

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी वसलेल्या कौंडण्यपूर येथील उत्खननाचा मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील प्राचीन वस्तीच्या अवशेषांत काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरे आहेत. ज्या चाकावर अशी भांडी घडतात, ते चाक हेच मुळी एक प्रचक्र होय. काठीने त्याला वेग द्यावा, काठी बाजूला ठेवावी आणि साठलेल्या वेगावर भांडे उठवावे, अशी ती रीत आहे. आरे असलेल्या चाकाची रचना विशेष ध्यानात घेण्यासारखी असते : मधला भाग आऱ्यांचा, म्हणून पोकळ, आणि कडेवर मातीचा जाड थर. वजन जेथे अधिक उपयोगी पडते तेथेच ते ठेवलेले असते.

तत्त्वज्ञांनीही या चाकाची दखल घेतली आहे. ज्ञान झाल्यावरही देह काही काळ का टिकतो, हे सांगताना ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत येतो. वैशेषिकांनी संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले, त्यांतील वेग हा येथे प्रस्तुत आहे. प्रेरणा थांबली तरी क्रिया चालू ठेवणारा संस्कार, असे प्रचक्राचे वर्णन केले तर ते अयथार्थ ठरणार नाही.

४. वजन किती, आणि कोठले?

कुंभाराला जे हाताने कळते ते गणिताने असे मांडता येईल. फिरत्या वस्तूचा वेगबदलाला होणारा विरोध म्हणजे तिचे निरूढी परिबल. ते वस्तुमानावर अवलंबून असतेच, परंतु अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गावरही अवलंबून असते. उदाहरणासाठी ८ किलोग्रॅम वजनाची, १४ सेंटिमीटर त्रिज्येची एकसारख्या जाडीची तबकडी घेऊ. तिच्यातून २ किलोग्रॅम धातू अक्षापासून ५ सेंटिमीटरवर काढला, तर परिबल सुमारे ६ टक्क्यांनी घटते. तेवढाच धातू १३ सेंटिमीटरवर, म्हणजे कडेजवळ, काढला तर ते सुमारे ४३ टक्क्यांनी घटते. तराजूवर ही दोन्ही चाके सारखीच हलकी, पण इंजिनाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तात्पर्य, केवळ किलोग्रॅमचा आकडा सांगणारी जाहिरात ग्राहकाला फारसे काही सांगत नाही.

५. लाभ कोठे होतो?

येथे एक शंका संभवते : हलक्या प्रचक्राने इंजिनाची शक्ती वाढते काय? वाढत नाही. वेग वाढवताना इंजिनाच्या शक्तीचा काही अंश प्रचक्राला फिरवण्यात खर्च होतो, तेवढा वाचतो. स्थिर वेगाने जाणाऱ्या मोटारीला याचा लाभ शून्य.

हा लाभही सर्व गियरांत सारखा नसतो. गियरच्या एकूण गुणोत्तराच्या वर्गाने तो बदलतो. वरील उदाहरणातील कडेचा २ किलोग्रॅम धातू कमी झाला, चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर आहे आणि पहिल्या गियरमध्ये एकूण गुणोत्तर १४ आहे असे धरले, तर वेग घेताना मोटारीतून सुमारे ८४ किलोग्रॅमचा एक भरदार प्रवासी उतरल्यासारखा परिणाम होतो. चौथ्या गियरमध्ये गुणोत्तर ४ धरल्यास हाच परिणाम केवळ ७ किलोग्रॅमचा, म्हणजे एखाद्या लहान पिशवीइतका उरतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘पिकअप वाढला’ म्हणतात त्याचा बराच भाग खालच्या गियरांत असतो, हे यावरून उघड होते. याखेरीज ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना इंजिनाचे फेरे झटकन चढतात व उतरतात. शर्यतीत, किंवा चिखलदऱ्याच्या घाटात वारंवार गियर बदलताना, कसलेल्या चालकाला हा गुण खरोखर सुखावह वाटतो.

६. किंमत कोठे मोजावी लागते?

साठलेली ऊर्जा परिबलाबरोबर घटते आणि फेऱ्यांच्या वर्गाबरोबर वाढते. परिबल ४३ टक्क्यांनी घटले, तर पूर्वी १००० फेऱ्यांवर जेवढी ऊर्जा चाकात होती तेवढी आता सुमारे १३३० फेऱ्यांवर मिळते. म्हणून मोटार हलवताना इंजिन अधिक फिरवून क्लच सोडावा लागतो. तसे न केल्यास मोटार झटका देऊन बंद पडते, केल्यास क्लच अधिक झिजतो. त्यातच पातळ झालेल्या चाकाला घर्षणाची उष्णता सामावून घेण्यास धातू कमी असतो.

दुसरी बाब धक्क्यांची. अनेक आधुनिक मोटारींत, विशेषतः डिझेलच्या, प्रचक्र दोन भागांचे असते व त्या भागांमध्ये स्प्रिंगा असतात. स्फोटांचे हिसके गियरपेटीपर्यंत पोहोचू नयेत अशी ती योजना आहे. तेथे एकसंध हलके चाक बसवले, तर मंद गतीत गियरपेटी खडखडू लागते. स्प्रिंगांची क्लचतबकडी घेतल्याने हा दोष पूर्णपणे जातो असे नाही.

तिसरी बाब सुरक्षिततेची, आणि येथे तडजोड नाही. १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाची कड ६००० फेऱ्यांना ताशी सुमारे ३१७ किलोमीटर वेगाने धावते. बीड हा धातू दाब सोसतो, ताण तितका सोसत नाही. मूळचे बिडाचे चाक लेथवर मनास येईल तसे कातून घेणे म्हणजे ते फुटण्याचा धोका पत्करणे होय. हलके चाक हवेच असेल, तर ते त्या इंजिनासाठीच घडवलेले पोलादाचे, अथवा घर्षणपृष्ठ पोलादाचे असलेले ॲल्युमिनियमचे असावे. त्याचा तोल तपासलेला असावा, आणि इंजिनाचा संवेदक ज्या खुणांवरून फेरे मोजतो त्या खुणा चाकावर असल्यास त्या नव्या चाकावरही असाव्यात.

७. निष्कर्ष

निवड करणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : मूळचे चाक एकसंध आहे की दोन भागांचे? नव्या चाकातील धातू कोठून कमी केला आहे? आणि मोटार बहुतेक वेळ कोणत्या गतीने चालते? तिसरा प्रश्न निर्णायक आहे. आषाढी वारीसाठी कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. तिच्या मागे माणसाच्या पावलाच्या गतीने चालणाऱ्या मोटारीला, किंवा पाच माणसे व सामान घेऊन चढावर थांबून पुन्हा निघणाऱ्या मोटारीला, जड चाक हाच आधार आहे. जो चालक इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत ठेवतो आणि चपळाईसाठी झटके व आवाज सोसण्यास तयार आहे, त्याने हलके चाक जरूर घ्यावे.

परिभाषा घडवणाऱ्यांनाही यातून काही घेण्यासारखे आहे. ‘प्रचक्र’ या नावाने वस्तूची ओळख पटते, ‘गतिपालक’ या नावाने ती कमी केल्यास काय गमावते हेही कळते. ‘हलके’ या एका विशेषणावर सौदा ठरण्यापूर्वी एवढा बोध ग्राहकाला झाला, तर परिभाषेने आपले काम केले असे म्हणता येईल.