राणीच्या बागेतली परांची

भायखळ्याला राणीच्या बागेत शिरलं की मुलं प्राण्यांकडे धावतात आणि दाराजवळचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मागे राहून जातं. माझंही लहानपणी तसंच झालं. आत पाय वळले ते मोठेपणी, तिथल्या प्रदर्शनांच्या ओढीने. २०१० पासून चार-पाच वर्षांत या वास्तूत जे मांडलं गेलं, त्याची मराठीत नीट नोंद असावी असं फार दिवस मनात होतं.

या संग्रहालयाचं बीजच मुळी प्रदर्शनात आहे. १८५१ मध्ये लंडनला आणि १८५५ मध्ये पॅरिसला महाप्रदर्शनं भरली, त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे नमुने गोळा झाले. त्यातूनच इथला पहिला संग्रह उभा राहिला आणि कोटातल्या बराकीत ठेवला गेला. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली, तेव्हा त्यातलं बरंच सामान चक्क बाहेर फेकलं गेलं. जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी, नाना शंकरशेट यांच्यासारख्यांनी नेट धरला, लोकांकडून पैसा उभा केला. १८६२ मध्ये पायाभरणी झाली, १८७२ मध्ये दारं उघडली. पुढे वास्तूला अवकळा आली. महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये लोक पुन्हा आत येऊ लागले.

त्यानंतर संग्रहालयाने आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावलं: आमच्या जुन्या वस्तूंशी बोला, म्हणून. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टींनी सुरुवात केली. पण माझ्या मनात घर केलं ते २०११ च्या जितीश कल्लाट यांच्या प्रदर्शनाने. नव्याने रंगवलेल्या, सोनेरी नक्षीच्या दालनात त्यांनी परांची उभी केली होती! दुरून पाहिलं तर इमारतीच्या कामाला बांधतात तशीच, बांबूची आणि दोरीची. वाटलं, दुरुस्ती अजून उरकलेली नाही. जवळ गेलो तेव्हा कळलं, हे बांबू राळेचे, साच्यातून काढलेले. आणि त्यांच्यावर बोरीबंदर स्टेशनच्या पोर्चवरची, एकमेकांना गिळणारी जनावरं उमटवलेली. या शहराचं काम कधी संपतच नाही, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं शिल्प मी पाहिलेलं नाही.

त्याच प्रदर्शनात चिमुकल्या माणसांची एक लांबलचक रांग होती, रस्त्यावरच्या हाणामारीत गुंतलेली. संग्रहालयाच्या कपाटांतून ज्ञाती-ज्ञातींचे मातीचे पुतळे आहेत. प्रत्येकाचं पागोटं वेगळं, धंदा वेगळा, उभं राहण्याची ढब वेगळी. सगळे शांत, आपापल्या जागी. त्यांच्याच मापाची ही माणसं मात्र एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी. मी कपाटापासून त्या रांगेपर्यंत तीनदा फेऱ्या मारल्या.

२०१२ मध्ये रंजनी शेट्टर, २०१४ मध्ये नलिनी मलानी आल्या. अतुल दोडियांनी सात हजार संग्रहालयांची कल्पना मांडली. ती प्रदर्शनं चांगलीच होती. पण ती दुसऱ्या एखाद्या दालनातही शोभली असती असं मला वाटतं.

रीना सैनी कल्लाट यांचं २०१३ चं जाळं मात्र इथेच हवं होतं. इमारतीच्या दर्शनी भागावर त्यांनी भलंमोठं कोळिष्टक पसरलं. त्याचा धागा होता शेकडो रबरी शिक्क्यांचा, कचेरीतले असतात तसेच पण अवाढव्य. प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या रस्त्याचं इंग्रजी अमदानीतलं, आता पुसलं गेलेलं नाव. आणि हे जाळं ज्या भिंतीवर लटकलं, त्या वास्तूचंही नाव बदललेलं: १९७५ पर्यंत ती 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' होती. बागेचंही बदललं, ती आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. माझ्या तोंडी राणीची बागच येते, वर लिहितानाही आपसूक तेच झालं. भाऊ दाजींचं नाव या वास्तूला लागलं याचा मला मनापासून आनंद आहे; तरी त्या शिक्क्यांखाली मान वर करून उभा राहिलो तेव्हा पोटात काहीतरी हललं.

त्या दिवशी परत निघताना टॅक्सीवाल्याला डॉ. भडकमकर मार्ग सांगितला. त्याने मीटर पाडलं आणि आरशातून बघत विचारलं, "म्हणजे लॅमिंग्टन रोडच ना?"