टोकियोतला डोळा, निफाडची काडी

"यांना पेस्ट कोणी लावली रे?"

टोकियोत चिदोरिगाफुचीच्या खंदकाकाठी उभं राहून माझ्या मित्रानं विचारलेला हा पहिला प्रश्न. समोर पाण्यावर झुकलेल्या चेरीच्या फांद्याच फांद्या. पानाचा पत्ता नाही, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसतं फूल. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते आणि हा पठ्ठ्या फांदी निरखत होता. म्हणाला, "एकही डोळा मुका राहिलेला नाही बघ. सगळे एका दिवशी फुटलेत. आमच्याकडे याला पैसे मोजावे लागतात."

नाशिकहून आम्ही चौघं गेलो होतो. हा त्यातला निफाडचा द्राक्षबागाईतदार. मार्चअखेर म्हणजे त्याचा माल निघून गेलेला आणि खरड छाटणीला अजून थोडे दिवस बाकी. वर्षातली एवढीच काय ती त्याची सवड, आणि नेमका तोच जपानातला साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, हंगाम. द्राक्षवाल्यांना त्याचा प्रश्न ऐकून हसू आलं असेल. बाकीच्यांसाठी पेस्टची गोष्ट थोडी पुढे. आधी त्या प्रश्नातलं कोडं बघू, कारण ते फार सुंदर आहे.

समजा, तुम्ही चेरीचं झाड आहात. तुम्हाला ना कॅलेंडर आहे ना खिडकी. ऑक्टोबरात एक उबदार दुपार येते आणि एप्रिलातही अगदी तशीच उबदार दुपार येते. ऑक्टोबरच्या दुपारी फुललात, तर पुढच्या बर्फात फुलं मेली. एप्रिलच्या दुपारी फुलला नाहीत, तर वर्ष वाया. दोन्ही दुपारी सारख्याच, मग ओळखायचं कसं?

झाडाचं उत्तर असं, की दुपार बघायचीच नाही. मधे हिवाळा होऊन गेला का, ते मोजायचं.

खरंच मोजायचं. फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते. मार्चमध्ये आपण ज्या फुलाखाली उभे राहतो, ते जुलै-ऑगस्टपासून फांदीवरच्या मुगाएवढ्या डोळ्यात घडी घालून बसलेलं असतं. शरद ऋतू आला की झाड त्या डोळ्याला कुलूप लावतं आणि तो गाढ झोपतो. मग कितीही ऊब मिळाली तरी तो ढिम्म हलत नाही. ते कुलूप उघडतं थंडीनं, आणि तेही एका कडाक्याच्या रात्रीनं नाही. थंडीचे तास साठत जातात, थेंबाथेंबानं मडकं भरावं तसे. मडकं भरलं की कुलूप निघतं. त्यानंतरच झाड ऊब मोजायला लागतं. म्हणजे वह्या दोन. आधी थंडीची, ती पूर्ण झाली की उन्हाची.

उन्हाच्या वहीचा एक गमतीदार ठोकताळा जपानात चालतो. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मांडत जायचं आणि बेरीज करायची. ती सहाशेच्या आसपास पोचली की साकुरा फुलला! टोकियोत फेब्रुवारीतले दिवस दहा-अकरा अंशांचे, म्हणजे महिनाअखेर तीनशे जमतात. उरलेले तीनशे मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत. मार्च उबदार असेल तर लवकर, थंड असेल तर उशिरा. २०२३ मध्ये टोकियोत १४ मार्चलाच फुलं आली आणि पुढच्याच वर्षी २९ मार्च उजाडला.

ही तारीख ठरवतं कोण? यासुकुनी देवळाच्या आवारात एक नमुन्याचं झाड आहे. हवामान खात्याचा माणूस तिथे येऊन मान वर करून फुलं मोजतो. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की टोकियोत साकुरा फुलल्याची घोषणा होते. भोवती कॅमेऱ्यांची गर्दी, लोक श्वास रोखून उभे आणि एक सरकारी माणूस बोटावर फुलं मोजतोय! निफाडचा पारा किती उतरला, हे आपण थंडीत रोज सकाळी पेपरात बघतो ना, तशीच ही बातमी.

मित्र लगेच हिशेबाला बसला. "नाशिकला फेब्रुवारीत तीस अंश. वीस दिवसांत सहाशे. म्हणजे आपल्याकडे लावलं तर महिना संपायच्या आत फुलणार." नाही फुलणार. उन्हाची वही आपल्याकडे झपाट्यानं भरेल, पण आधीची थंडीची वहीच अपुरी राहील. निफाडला पारा उतरतो तो पहाटेपुरता. दहा वाजता स्वेटर काढावा लागतो. तेवढ्या थंडीनं मडकं भरत नाही.

हे पटत नसेल, तर जपानच्याच दक्षिण टोकाला जाऊ. बाकी देशात साकुराची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. मार्चच्या उत्तरार्धात क्यूशू, मेच्या सुरुवातीला होक्काइदो. ऊब जशी सरकते तशी फुलं सरकतात. पण ओकिनावा बेटावर गडद गुलाबी कानहिझाकुरा जानेवारीत फुलतो, आणि तिथे लाट चक्क उलटी चालते. उत्तरेकडून दक्षिणेकडे! का बरं? ऊब तिथे हवी तेवढी आहे. टंचाई आहे ती थंडीची. जिथे थंडी आधी पोचते, तिथलं कुलूप आधी निघतं. एकाच देशात साकुराच्याच दोन लाटा, एकमेकींच्या विरुद्ध दिशेनं.

आणि हे मोजमाप किती काटेकोर! क्योतोमध्ये दरबारी लोक, भिक्षू, सम्राट आपापल्या रोजनिशीत साकुरा पाहायला गेल्याच्या नोंदी करत. यासुयुकी आओनो या संशोधकानं त्या जुन्या नोंदी चाळून बहराच्या तारखांची यादी लावली. ती मागे इसवी सन ८१२ पर्यंत जाते. आपल्याकडे राष्ट्रकूट राज्य करत होते तेव्हापासूनची! त्या बाराशे वर्षांत सर्वांत लवकरचा बहर २७ मार्चचा होता, उदाहरणार्थ १४०९ सालचा. तो विक्रम शतकानुशतकं टिकला आणि २०२१ मध्ये २६ मार्चला मोडला. तापमापक निघायच्या कितीतरी आधीचं हवामान झाडांनी मोजून ठेवलं आणि सहलीला गेलेल्यांनी ते नकळत लिहून ठेवलं.

तरी मित्राचा प्रश्न उरतोच. सगळे एका दिवशी कसे? गावात एकाच दिवशी पेरलेला मूगसुद्धा एका दिवशी फुलत नाही.

कारण समोरची ती झाडं अनेक नव्हतीच, ते एकच झाड होतं.

जपानात सर्वांत जास्त दिसणारा साकुरा म्हणजे सोमेई योशिनो. एदो काळाच्या शेवटी सोमेई नावाच्या गावातल्या रोपवाल्यांनी तो विकायला काढला. आज ते गाव टोकियोच्या पोटात गेलं आहे. हा संकर आहे आणि स्वभावानं विचित्र आहे. स्वतःच्या परागानं त्याला फळ धरत नाही. शेजारचा सोमेई योशिनोही त्याच्या लेखी परका नाही, तोही तो स्वतःच. दुसऱ्या जातीच्या परागानं बी धरलं, तर उगवणारं झाड सोमेई योशिनो राहत नाही. मग वाढवायचा कसा? फांदी कापायची आणि दुसऱ्या खुंटावर कलम बांधायची. तिची फांदी कापून आणखी एक. असं करत करत तो देशभर पसरला. म्हणजे आज टोकियोत उभं असलेलं झाड आणि होक्काइदोच्या हाकोदातेत उभं असलेलं झाड ही एकाच देहाची रूपं. एका मेंदूनं एकच हिशेब हजार ठिकाणी करावा, तसं हे आहे. जिथे थंडी सारखी, ऊब सारखी, तिथे उत्तरही सारखं.

"मग आमचं काय वेगळं?" मित्र म्हणाला, आणि मी गप्प झालो. खरंच की! नाशिकच्या बागांतलं थॉमसन सीडलेस बिनबियांचं. बी नाही म्हणजे पेरणं नाही. काडी घ्यायची आणि डॉगरीजच्या खुंटावर कलम करायची. बागेत उभ्या हजार वेली म्हणजे एकच वेल हजार वेळा. दोन्हीकडे माणसानं एका झाडावर जीव जडवला आणि त्याला मरू द्यायला नकार दिला.

आता पेस्टकडे येऊ. द्राक्षवेल मूळची थंड मुलखातली. तिथे ती हिवाळ्यात पानं टाकून झोपते आणि थंडी मोजून उठते, चेरीसारखीच. नाशिकला आल्यावर तिची पंचाईत झाली. इथे तिला कोणी झोपूच देत नाही! पानं गळत नाहीत, थंडीचं मडकं भरत नाही. मग ती अर्धवट पेंगते. छाटणी करून सोडून दिलं, तर टोकाकडचे एकदोन डोळे फुटतात आणि खालचे मुके राहतात. अशा बागेत घड कुठून येणार?

म्हणून नाशिकच्या शेतकऱ्यानं वेलीसाठी हिवाळा स्वतः तयार केला. कसा, ते पायरीपायरीनं बघा.

आधी पानं. चेरीची पानं शरदात डोळ्यांना "झोपा" असा निरोप पाठवत असतात. पानं अकाली गेली तर? २०१८ च्या शरदात जपानात जोरदार वादळं आली. पानं झोडपून निघाली, मागून उबदार दिवस आले आणि ऑक्टोबरात ठिकठिकाणी साकुरा फुलला! लोक चक्रावले. पण हीच युक्ती आपल्याकडे दर वर्षी ठरवून होते. द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीआधी, इथ्रेल फवारून पानगळ करतात. वादळानं केलं ते काम इथे पंपानं होतं.

मग कात्री. आणि छाटणीपाठोपाठ ती पेस्ट, म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. हातमोजे घालून काडीवरच्या एकेका डोळ्याला लावायचं, कारण औषध जहाल आहे. ते डोळ्याच्या आतल्या पेशींचा श्वास काही काळ कोंडतं. पेशी हडबडतात. महिनोन्महिने थंडीनं जे संकट हळूहळू आणलं असतं, ते एका दुपारी येतं, आणि कुलूप निखळतं. दहा-बारा दिवसांत काडीवरचे डोळे कापसासारखे फुगतात, त्यांतून पोंगे निघतात, सगळे एका दमात. अख्खा जपानी हिवाळा एका बादलीत!

यासाठी मराठीत एक शब्द आहे, आणि तो मला टोकियोत पहिल्यांदा नीट ऐकू आला. सटाणा, देवळा, मालेगावकडच्या डाळिंबवाल्याला विचारा, तो सांगेल, "यंदा मृग बहार धरला." कोणी हस्त बहार धरतो, कोणी आंबे बहार. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं गाळायची, मग पाणी सोडायचं, की फूल येतं. बहार धरायचा! जपानी माणूस बहराच्या मागे आगगाडीनं पळतो. आपला शेतकरी त्याचा हात धरून त्याला उभा करतो, आणि कोणत्या महिन्यात यायचं तेही सांगतो. सटाण्याकडे तर द्राक्षाची छाटणीही महिनोन्महिने आधी करतात, अर्ली माल हवा म्हणून.

जपानचं एक देणं मात्र प्रत्येक द्राक्षबागेत आहे, आणि ते मित्राला मी सांगितलं तेव्हा तो चालता चालता थांबला. भाताला एक रोग होतो. त्यात रोप ताडमाड वाढतं आणि कोलमडतं. जपानी शेतकरी त्याला "मूर्ख रोप" म्हणत. १९२६ मध्ये एइइची कुरोसावा या संशोधकानं दाखवलं, की एका बुरशीतून झिरपणारा पदार्थ रोपाला असा वेडा करतो. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या पदार्थाला नाव दिलं, जिबरेलिन. ओळखलंत? द्राक्षवाल्यांचं जीए! बी असलेल्या द्राक्षात बीच असा पदार्थ सोडून मणी फुगवतं. बिनबियांच्या मण्याला कोण फुगवणार? म्हणून शेतकरी एकेक घड जीएच्या पाण्यात बुडवतो. मूर्ख रोपाच्या रोगातून निघालेल्या शहाणपणावर आपला मणी टपोरा होतो.

परतीच्या विमानात मित्र म्हणाला, "आपल्या बागेला फूल येतं, ते तू कधी पाहिलंयस?" जन्म नाशिकचा, पण नव्हतं पाहिलं. त्याला तरी कुठे सवड असते? फुलोरा येतो तेव्हा तो डाऊनी रोगाच्या धास्तीनं आभाळाकडे बघत असतो.

मी नंतर वाचलं, आणि थक्क झालो. द्राक्षाचं फूल उमलतच नाही! त्याच्या पाकळ्या वरून चिकटून त्यांची हिरवी टोपी झालेली असते. वेळ आली की ती टोपी बुडापासून सुटते आणि आतले पुंकेसर तिला वर ढकलून पाडतात. नमस्कार करताना टोपी काढावी तशी. सगळं फूल मोहरीच्या दाण्याएवढं.

एप्रिलात त्यानं खरड छाटणी केली. नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, उरले. मेच्या रखरखत्या उन्हात नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या वर्षाचे घड लिहिले जात होते, इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. ऑक्टोबरात कात्री चालली, पेस्ट लागली. नोव्हेंबरात फोन आला. "फुलोरा आलाय. चौघं या. चादर आणा."

आम्ही मांडवाखाली चादर अंथरली, चिवडा उघडला. जपानात लोक झाडाखाली बसतात तसे बसलो, फक्त वर बघायला गुलाबी काही नव्हतं. हिरव्यावर हिरवं आणि एक मंद, गोडसर वास. तास-दीड तास गप्पा झाल्या. उठताना मित्रानं चादर झटकायला उचलली आणि तशीच पुन्हा खाली ठेवली. चिवड्याच्या कडेनं, आमच्या सावल्यांवरून, सगळीकडे बारीक हिरव्या टोप्या पडल्या होत्या.